प्रकरण अकरावे : थदडीची भेंडी

छठीच्या सकाळी निर्वासितांच्या कॅम्पातल्या बाजारात सतीने चार किलो भेंडी घेतली, आणि तीही भाजीवाल्याची बोलणी खाऊन घेतली. प्रत्येक भेंडीचे टोक अंगठ्याने मोडून पाहावे, कट् असा आवाज आला तर ती टोपलीत टाकावी आणि नुसती वाकली तर परत ढिगावर ठेवावी, असा तिचा गेल्या सोळा वर्षांचा परिपाठ होता.

"बाई, सगळ्यांची शेपटं तुम्हीच मोडून ठेवल्यावर मी विकू काय?" भाजीवाला म्हणाला.

"वाकतात त्या वीक. उद्या आमच्याकडे चूल पेटायची नाही. आज केलेलं उद्या दुपारपर्यंत टिकलं पाहिजे."

"मग उद्या या ना, ताजी देतो."

"आणि कच्ची चावू?" असे म्हणून सतीने टोपली कमरेवर घेतली.

दुसऱ्या दिवशी थदडी होती. त्या दिवशी सिंधी घरात अग्नी पेटत नाही. आदल्या दिवशी, म्हणजे छठीला, मिठो लोलो ही गोड जाड पोळी, कोकी ही तिखटमिठाची पोळी, तळलेली कारली आणि मसाला भरलेली भेंडी करून ठेवावी, चुलीला हात जोडून ती विझवावी आणि मग दिवसभर गार अन्न खाऊन, गार पाण्याने न्हाऊन देवीपाशी एवढेच मागावे की, आमच्या लेकराबाळांना ताप-गोवर न देता गारव्यात ठेव. सिंधमधल्या लारकाण्याहून निघताना या कुटुंबाने पुष्कळ काही मागे सोडले होते, परंतु थदडी सोडली नव्हती.

तथापि घराकडे परतताना सतीच्या मनात देवीही नव्हती आणि भेंडीही नव्हती. तिच्या मनात पिंपरी होती. धाकटा दीर नोतन याला त्याच्या मेहुण्याने, म्हणजे गोपीच्या भावाने, पिंपरीच्या कापडदुकानात बोलावले होते आणि बिऱ्हाडासह येऊन राहा असा निरोप धाडला होता. सतीचा नवरा होतचंद याने त्यावर तोड काढली होती. शेजारच्या खोलीतला भाडेकरू गेला होता. नोतन-गोपीने तिथे वेगळी चूल मांडावी, म्हणजे स्वयंपाक दोन होतील पण घर एकच राहील. नोतनने हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. तेव्हा सासू, म्हणजे अमां, म्हणाली होती, "थदडीचं जेवण होऊ दे. मग बसून काय ते ठरवा. भरल्या पोटी माणूस कमी वेडेपणा करतं."

पिंपरी झाली तर कांचू जाणार होती. सतीच्या लेखी सगळा प्रश्न एवढाच होता.

कांचू गोपीची मुलगी, सहा वर्षांची. ती तीन आठवड्यांची असताना गोपीला विषमज्वर झाला आणि त्यानंतर आठ महिने ती अंथरुणातून उठली नाही. डॉक्टरांनी मूल लांब ठेवायला सांगितले. सतीला मूल नव्हते. तिने ते बाळ कुशीत घेतले आणि गोपी बरी झाल्यावरही ते पूर्णपणे परत देणे तिला जमले नाही. कांचू गोपीला मम्मी म्हणे आणि सतीला वडी अमां, म्हणजे मोठी आई, म्हणे, आणि रात्री झोपायला वडी अमांच्याच अंथरुणात शिरे.

दुपारी स्वयंपाकघरात सगळ्या जणी जमल्या. हे स्वयंपाकघर म्हणजे जुन्या लष्करी बराकीचा एक तुकडा होता. बराकीच्या मधोमध भिंती घालून खोल्या केलेल्या होत्या, परंतु त्या भिंती छतापर्यंत पोहोचलेल्या नव्हत्या. त्यामुळे एका खोलीत कोणी खोकले तर तिसऱ्या खोलीतून आल्याच्या चहाची शिफारस होई. खाटेवर जमनापुफी बसली होती. ती वारलेल्या सासऱ्यांची बहीण. खास थदडीसाठी गांधीनगरहून आली होती आणि सगळ्यांचे दोष काढण्याचा तिचा हक्क कोणीही नाकारीत नसे.

गोपी धुतलेली भेंडी फडक्याने पुसत होती.

"पाण्याचा थेंब राहता कामा नये," सती म्हणाली.

"तीनदा पुसली, भाभी."

"चौथ्यांदा पूस. ओली चिरली की तार सुटते, आणि तार सुटली की उद्यापर्यंत राहत नाही."

"हिच्या माहेरी अजमेरला पुसत नसतील," पुफी खाटेवरून म्हणाली. "तिकडे वाळूच इतकी. भेंडी आपोआप वाळत असेल."

"अजमेरला आमच्याकडे थदडीचं ताट शेजारून यायचं, पुफी," गोपी मान वर न करता म्हणाली. "आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. मला थदडी खाता येते, करता येत नाही."

"लग्नाला आठ वर्षं झाली की गं! आठ वर्षांत अस्वलसुद्धा नाचायला शिकतं."

"अस्वलाला कोणीतरी शिकवतं. भाभी मला कढईजवळ येऊ देतील तर मीही शिकेन."

ती हे हसून म्हणाली होती. तरीपण सतीच्या हातातली सुरी क्षणभर थांबली. मग तिने एक भेंडी उचलली, देठाची टोपी राखून तिला उभी चीर दिली आणि बोटाने उघडून दाखवली. "ही बघ. आरपार नाही. पोटापर्यंतच. आत बी दिसलं पाहिजे, पण ती फाटता कामा नये." भाजलेले बेसन, धणेपूड, हळद, तिखट आणि आमचूर यांचा मसाला तिने चिमटीने आत दाबला. मीठ मात्र वेगळ्या वाटीत होते. ते अगदी तळायच्या वेळी घालायचे, कारण मीठ लागले की भेंडी रडू लागते, असे अमां सांगत असे.

गोपीने तशीच दुसरी भरली. ती चांगली भरली होती. सतीने ती हातात घेऊन पाहिली, परंतु चांगली आहे असे काही ती म्हणाली नाही.

इतक्यात कांचू धावत आली. तिने भेंडीची एक कापलेली चकती उचलली आणि सतीपुढे कपाळ केले. "वडी अमां, चांदणी लाव!"

सतीने ती चिकट चांदणी तिच्या कपाळावर दाबली. एकेक दोन्ही गालांवर, एक हनुवटीवर. कांचू अंग चोरून हसू लागली. सतीही हसली आणि तिच्या चेहऱ्यावरचे सोळा वर्षांचे धूर-वाफेचे सगळे थर क्षणभर उतरल्यासारखे झाले.

"कांचू," गोपी म्हणाली. तिचा आवाज हळू होता, परंतु तो बरेच दिवस मनात घोकलेला असावा. "त्यांना काकी म्हणायचं. आता तू मोठी झालीस. आपण कुठेही राहायला गेलो तरी तुझी आई एकच आहे ना?"

कांचूने दोघींकडे पाहिले. "मग वडी अमां कोणाची?"

पुफीसारख्या पुफीलाही त्या वेळी पानाचा डबा शोधावासा वाटला. कपाळावरची चांदणी वाळून खाली पडली, तेव्हा कांचू ती उचलून बाहेर पळाली.

सतीने लोखंडी कढई चढवली. मंद आचेवर, झाकण न ठेवता, एका वेळी थोडी थोडी भेंडी ती तळू लागली आणि तळलेली परातीत एकीला एक न चिकटेल अशी पसरू लागली. हाताला सवय होती म्हणून हात चालत होते. तिच्या कानात मात्र एकच शब्द राहिला होता. काकी. शेजारणीलाही काकी म्हणतात, किराणावाल्याच्या बायकोलाही काकी म्हणतात.

शेवटचे दोन घाणे राहिले तेव्हा चुलीच्या पूजेआधी न्हाणे आवश्यक होते म्हणून ती उठली. "उरलेली तू तळ," ती गोपीला म्हणाली. आठ वर्षांत हे वाक्य तिने प्रथमच उच्चारले होते, पण त्यात माया नव्हती. तिला त्या खोलीत बसवत नव्हते एवढेच.

न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून ती परत आली आणि दारातच थांबली.

परातीत भेंडी नव्हती. गोपीने ती सगळी, शेवटच्या वाफाळत्या घाण्यासकट, पितळी पातेल्यात दाबून भरली होती आणि वर घट्ट झाकण ठेवून त्यावर वरवंटा चढवला होता. पुफीने माश्या बसतायत म्हणून ओरड केली असणार हे सतीला न सांगताच कळले. गोपी ओट्यावरचे तेल पुसत होती आणि स्वतःशीच काही गुणगुणत होती. काम तडीस नेलेल्या माणसाचे ते गुणगुणणे होते.

गरम भेंडी झाकली की वाफ झाकणाला लागते, वाफेचे पाणी होते, पाणी परत भेंडीवर गळते. श्रावणाची दमट हवा, बंद पातेले आणि उद्या दुपारपर्यंतचा वेळ. सतीला हे इतके ठाऊक होते की, ते ठाऊक असण्यासाठी तिला विचारही करावा लागला नाही. काढ ते झाकण, हे शब्द तिच्या जिभेवर आले.

आणि तिथेच राहिले.

सांगितलं की म्हणते भाभी कढईजवळ येऊ देत नाहीत, असे तिने मनाशी म्हटले. शिकायचंय ना तिला? शिकू दे. मनुष्य स्वतःच्या मनाला फसवू लागला म्हणजे त्याला वकिलाची गरज लागत नाही. सती पातेल्याच्या बाजूने गेली, कारल्याच्या ताटावर जाळी ठेवली आणि केस झटकू लागली.

सूर्य मावळण्यापूर्वी अमां चुलीपाशी येऊन बसली. तिने बोटांनी पाणी शिंपडले, कणकेची लहानशी गोळी निखाऱ्यांपुढे ठेवली आणि पुटपुटत मागणे मागितले. फुस्स असा आवाज करून चूल विझली. मग घरातल्या सगळ्या काडेपेट्या गोळा करून तिने आपल्या ट्रंकेत टाकल्या आणि कुलूप लावले. हा या घराचा आपला नियम होता.

"अमां, एक काडी तरी," होतचंद कानामागची बिडी काढून केविलवाण्या स्वरात म्हणाला.

"देवीला विचार."

"देवी बिडी ओढत नाही, तिला काय कळणार?"

"म्हणूनच तिला खोकला नाही," अमां म्हणाली आणि किल्ली पदराला बांधली.

थदडीच्या दिवशी दुपारी शेजारच्या दोन घरांतली माणसे धरून चौदा जण जेवायला बसले. गार पाण्याने न्हालेली मुले कुडकुडण्याचे सोंग करीत होती. लोलो वाढून झाला, कोकी वाढून झाली, दह्याच्या वाट्या पुढे सरकल्या. होतचंद आणि नोतन शेजारी बसले होते, आणि बऱ्याच दिवसांनी होतचंदने आपल्या ताटातले कारले न विचारता भावाच्या ताटात टाकले, कारण लहानपणापासून कारली नोतनच खात असे. अमांने ते पाहिले. सतीनेही पाहिले.

"भेंडी आज धाकटी वाढेल," अमां म्हणाली. "शेवटचा हात तिचा लागलाय."

गोपीने डोक्यावरचा पदर सारखा केला, वरवंटा उतरवला आणि झाकण उचलले.

झाकणाच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळले आणि एक आंबूस, कोंदट वास पंक्तीवरून गेला. गोपीने झारा आत घातला. वर आली ती भेंडी नव्हती; हिरवट-काळा लगदा होता आणि त्यापासून लांब लांब तारा खाली लोंबत होत्या. तिने झारा पुन्हा घातला, जणू तळाशी तरी कालची भेंडी सापडेल. तळाशी फेस आला होता.

"अगं आई गं!" जमनापुफी नाकाला पदर लावून म्हणाली. "थदडीचं अन्न नासलं! आजच्या दिवशी अन्न नासणं म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुला? घरात लहान मूल आहे. देवी बघते सगळं."

"पुफी," नोतन म्हणाला.

"पुफी काय? खरं बोलते म्हणून पुफी वाईट. सती सोळा वर्षं करते आहे, कधी एक भेंडी तरी बिघडली का? आणि हिच्या हाती दोन घाणे दिले तर ही दशा. उद्या हिचा हात चुलीला लागू देऊ नका एवढंच सांगते."

शेजारणींनी ताटात नजर घातली. गोपी झारा हातात धरून उभी होती. झाऱ्यावरून तार सुटून तिच्या पायावर पडली, ती तिने पुसली नाही.

"झालं ना आता तुमचं?" नोतन उठला. त्याच्या हाताला दही लागले होते. "ठरवायला बसणार होतात ना जेवणानंतर? ठरलं. उद्या सकाळी, चूल पेटायच्या आत आम्ही पिंपरीला जातो. तिथे माझ्या बायकोला कोणी अस्वल म्हणणार नाही."

म्हणजे कालचे सगळे भिंतीवरून त्याच्या कानी गेले होते.

"एका भाजीपायी घर सोडतोस?" होतचंद म्हणाला.

"भाजीपायी सोडत नाही, अदा. ते तुलाही कळतं," नोतन थोरल्या भावाला म्हणाला.

"मग जा! शेजारची खोली झाडून घेतली, चुना लावला, तो काय माझ्यासाठी? जायचंच तर जा."

कांचू उठून धावली. ती कोणाकडे जावे या विचाराने मध्येच थांबली, आईकडे आणि वडी अमांकडे पाहू लागली, आणि दोघींच्या मधोमध उभी राहून रडू लागली.

सती भिंतीला टेकून उभी होती. एक गोष्ट तिला त्या क्षणी लख्ख दिसली. काल दारात उभी असताना तिला गोपीची फजिती हवी होती. ती मिळाली. आणि त्याच फजितीच्या टांग्यात बसून कांचू पिंपरीला चालली होती. ती गप्प राहिली तर कोणाला काही कळणार नव्हते. पुफीची शाबासकी होती, सोळा वर्षांचे नाव होते, शेजारणी साक्षीला होत्या.

"ते झाकण मी पाहिलं होतं," ती म्हणाली.

रडण्याच्या आवाजात ते कोणाला नीट ऐकू गेले नाही. म्हणून तिला पुन्हा म्हणावे लागले, आणि दुसऱ्यांदा म्हणणे पहिल्यापेक्षा अवघड होते. "गरम भेंडीवर झाकण ठेवलेलं मी काल पाहिलं होतं. काढायला सांगितलं नाही."

पुफीने लगेच हात हलवला. "अगं, तू न्हाऊन आली होतीस, पूजेची गडबड. तुझं लक्ष नसेल, पोरी."

"लक्ष होतं, पुफी. उद्या नासणार हे मला माहीत होतं."

होतचंदने बायकोकडे असे पाहिले की, जणू तिला प्रथमच पाहत होता. शेजारची एक बाई उठून आपल्या मुलांना घेऊन हळूच बाहेर गेली, तिच्यामागून बाकीची.

"का?" गोपीने विचारले.

सतीला पुष्कळ उत्तरे सुचली. तिने त्यांतले सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत लाजिरवाणे उचलले. "तू तिला काकी म्हणायला सांगितलंस म्हणून."

गोपीने झारा पातेल्यात ठेवला. मग ती खालीच बसली. "भाभी, आठ महिने मी त्या पलीकडच्या खोलीत पडून होते," ती म्हणाली. "ही भिंत वरपर्यंत नाही. कांचूचा पहिला हुंकार मी ऐकला, हसणं ऐकलं. ती पहिल्यांदा अमां म्हणाली तेही ऐकलं. तुम्ही हो म्हणालात. मी उशी तोंडावर दाबून घेतली. तुम्ही तिला जगवलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तेव्हापासून या घरात मी कशालाही हात लावला की तुम्ही तो काढून घेता. मुलगी असो की कढई."

ते सगळे खरे होते आणि सतीला ते ठाऊक होते.

"अमां, तू काहीतरी बोल," होतचंद म्हणाला.

अमां इतका वेळ कोकीचे तुकडे करीत बसली होती. "मी काय बोलू? भूक लागली आहे," ती म्हणाली. "या बराकीत आलो त्या वर्षी सरपण नव्हतं, पीठ नव्हतं. तुमचे बाबा म्हणायचे, यंदा देवी फार प्रसन्न आहे, रोजच थदडी. त्या वर्षी भेंडीची आठवणसुद्धा आली नाही कोणाला. आणि हा नोतन तेव्हा कांचूपेक्षा लहान होता. त्याला गोवर आला नाही की काही नाही. तेव्हा जमना, देवीचं नाव घेऊन पोरीला घाबरवू नकोस. देवीला आपल्या पातेल्यात डोकावण्यापेक्षा पुष्कळ कामं असतील."

पुफीने तोंड फिरवले.

"आणि सती," अमां पुढे म्हणाली, आणि तिचा स्वर बदलला, "सोळा वर्षांपूर्वी मी तुला कढई दिली. मालकी दिली नव्हती. मला वाटायचं, तुला एवढंच आहे, तर असू दे. ती चूक माझी. पण कालची तुझी."

"हो, अमां."

गोपीने पातेले उचलून बाहेर नेले, रिकामे करून आणले आणि पदराने हात पुसत दारात उभी राहिली.

"पिंपरी नको," ती नवऱ्याला म्हणाली.

"आत्ताच तर..." नोतन म्हणाला.

"मी म्हटलं होतं का पिंपरी? दादाने बोलावलं, तुम्ही हो-नाहीत अडकलात. मला शेजारची खोली पाहिजे. चूल वेगळी पाहिजे." मग ती सतीकडे वळली. "माझी भेंडी मलाच बिघडवू दे, भाभी. दहा वेळा बिघडली तरी चालेल. आणि कांचू माझ्याकडे झोपेल. दिवसा भिंतीच्या अलीकडे राहो की पलीकडे, मी विचारणार नाही. पण रात्री माझ्याकडे."

सतीने मान हलवली. ती मान हलवताना तिच्या कुशीतली डाव्या बाजूची जागा, जिथे कांचूचे डोके असे, ती तिला गार झाल्यासारखी वाटली. पण पिंपरी तीन-चार तासांवर होती आणि ही भिंत चार हातांवर. तिने हिशेब पुढे केला नाही.

"चुना वाया गेला नाही म्हणायचा," होतचंद कोणाकडेही न बघता पुटपुटला. नोतनने पुन्हा बसून आपल्या ताटाच्या कडेला पडलेले भावाचे कारले उचलून तोंडात टाकले आणि दोघे भाऊ जेवू लागले.

थदडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमांने ट्रंक उघडली. तिने चूल पेटवली, आणि तिथूनच कागदाची सुरळी पेटवून, तळहाताच्या आडोशाने ती ज्योत शेजारच्या खोलीत नेली. नव्या स्टोव्हच्या वातींनी ती घेतली. होतचंदने त्याच सुरळीवर बिडी शिलगावली, तेव्हा दोन्ही खोल्यांतून त्याला एकदम शिव्या बसल्या.

बाजारात त्या दिवशी गोपी एकटी गेली. भाजीवाला नंतर होतचंदला भेटला तेव्हा तक्रार करीत होता की, साहेब, तुमच्या घरात शेपटं मोडणाऱ्या आता दोन झाल्या.

सती आपल्या चुलीपुढे बसून वरणाला फोडणी देत होती. तिच्या स्वयंपाकघरात मोठी कढई तशीच टांगलेली होती. भिंतीवरून तेल तापल्याचा वास आला, मग चुरचुर. आच मोठी आहे, असे तिला आवाजावरून कळले, आणि ती ओठ घट्ट मिटून बसली. थोड्या वेळाने आवाज मंद झाला. गोपीला आपले आपणच कळले होते.

"भाभी!" भिंतीपलीकडून हाक आली.

"काय गं?"

"झाली. आता?"

"परातीत पसर. एकीला एक लागू देऊ नकोस."

"आणि झाकण?"

सतीच्या हातातला डाव वरणातच थांबला. "झाकण नको," ती म्हणाली. "उघडी राहू दे."

"माश्या बसतील की!"

"बसलीस ना तिथे? हाकल. मी सोळा वर्षं दुसरं काय केलं?"

पलीकडे हसण्याचा आवाज आला, आणि त्या हसण्यात एक लहान हसणेही होते. मग दारात कांचू उभी राहिली. तिच्या हातात वाटी होती, वाटीत दोन भेंड्या होत्या आणि कपाळावर एक वाकडी चांदणी होती, ती कोणी दुसऱ्याच हाताने लावलेली होती.

"का..." ती म्हणाली आणि अडखळली. पाठ केलेला निरोप डोळे मिटून आठवीत ती पुढे म्हणाली, "मम्मी म्हणाली, वडी अमांला दे आणि मीठ बघायला सांग."

सतीने वाटी घेतली. एक भेंडी तोंडात घातली आणि हळूहळू चावली. भेंडी कुरकुरीत होती, मसाला आतपर्यंत लागला होता. कांचू तिच्या तोंडाकडे डोळे लावून उभी होती. भिंतीपलीकडे गोपीची सगळी भांडी एकाएकी शांत झाली होती.

"सांग तिला," सती म्हणाली, "मीठ कमी आहे."

"मम्मी!" कांचू तिथूनच ओरडली. "वडी अमां म्हणते, मीठ कमी आहे!"

"ऐकलं!" पलीकडून आवाज आला.